तुटलेलं कार्बन पॅडल, मास्ट, बोर्ड घरी जोडायचं सामान: काय घ्यावं, काय सोडावं

आधी निकाल सांगते, मग कारणं. पाण्यावरच्या खेळातलं कार्बनच्या धाग्यांचं पॅडल (वल्हं) किंवा मास्ट (शिडाचा खांब) तुटला असेल आणि घरीच दुरुस्त करायचं ठरवलं असेल तर डब्यात मिळणारं तयार "कार्बन रिपेअर किट" घेऊ नका, सामान सुटं घ्या. लॅमिनेटिंगचं इपॉक्सी (धाग्यांचे थर भिजवून जोडायचं पातळ रेझिन), विणलेली कार्बन स्लीव्ह (नळीसारखा मोजा), सगळे धागे एकाच दिशेला असलेली कार्बनची पट्टी, पील प्लाय (शेवटी सोलून काढायचं कापड) आणि श्रिंक टेप (तापवली की आकसणारी). एवढंच, आणि भरपूर पॉलिश पेपर. यातल्या ज्या गोष्टींकडे कोणी बघतही नाही, पील प्लाय आणि श्रिंक टेप, त्यांच्यावरच जोडाचं बरंचसं भवितव्य ठरतं. आणि ज्याचे फोटो बघून सगळे भुलतात ते तिरप्या विणीचं काळं चमकदार कापड गोल दांड्याच्या दुरुस्तीत फारसं कामाचं नाही. हे मी दोन्ही प्रकारचं सामान वापरून, त्याच जुन्या दांड्याच्या तुकड्यांवर जोड करून आणि ते वाकवून बघून लिहितेय.

कार्बन तुटतो कसा हे एकदा नीट कळलं ना की सामान निवडणं फार सोपं जातं, म्हणून त्यावर थोडं. ॲल्युमिनियम वाकतं आणि वाकलेलं राहतं, निदान आपल्याला कळतं तरी की काहीतरी बिघडलंय. कार्बनचं तसं नाही. धागा साधारण दीड ते दोन टक्के ताणला गेला की संपला. काचेचा धागा त्याच्या दुपटीहून जास्त ताणला जातो, म्हणून फायबरग्लासचं पॅडल लवलवतं आणि कार्बनचं ताठ राहतं, शेवटच्या क्षणापर्यंत ताठ राहतं आणि मग कडकन जातं. बहुतेक वेळा ते त्या दिवशी तुटलेलंच नसतं, आधी कधीतरी दगडावर आपटलेलं, गाडीच्या टपावर पट्टा जास्त आवळलेला, बूमचा (शिडाच्या आडव्या दांडीचा) मास्टवरचा क्लॅम्प वाळूसकट घट्ट केलेला, तिथे एक बारीक ओरखडा धागे कापून बसलेला असतो आणि पुढच्या जोराच्या स्ट्रोकला बाकीचे धागे हार मानतात.

दुसरी गोष्ट, जिथे तुटलेलं दिसतं तिथे नुकसान थांबत नाही. थर एकमेकांपासून सुटत आतल्या आत पुढे गेलेले असतात आणि वरून रंग, क्लिअर कोट (पारदर्शक लेप) सगळं शाबूत. यासाठी कुठलंही मशीन लागत नाही, एक नाणं घ्या आणि तुटलेल्या जागेपासून लांब जात हळूहळू टकटक करत जा. चांगल्या भागावर खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या भागावर बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे मार्करने खूण करा, चारही बाजूंनी. ही खूण झाल्याशिवाय सामानाची ऑर्डरसुद्धा देऊ नका, कारण किती लांब स्लीव्ह लागणार हे याच खुणेवरून ठरतं. वरवर बोटभर दिसणारी चीर आत वीतभर निघू शकते.

आता तयार किटबद्दल. ब्रँडचं नाव घेत नाही, असे बरेच येतात आणि आतला माल सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. कापडाचा एक चौकोन, दोन नळ्यांच्या सिरिंजमधलं पाच मिनिटांत सेट होणारं इपॉक्सी, एक काडी, पॉलिश पेपरचा एक तुकडा, पातळ प्लॅस्टिकचे ग्लोव्ह्ज. सूचनांच्या कागदावर चित्र असं की तुटलेली टोकं एकमेकांना लावा, वरून कापड गुंडाळा, इपॉक्सी फासा, झालं.

यातली पहिली अडचण त्या इपॉक्सीची. ते चिकटवायला बनवलेलं असतं, कापड भिजवायला नाही. घट्ट असतं, धाग्यांच्या आत शिरत नाही, वरच्यावर बसतं, आणि कापड आतून कोरडं राहिलं की तो थर म्हणजे नुसती शोभा. शिवाय पाच मिनिटं म्हणजे खरं तर तीन मिनिटंच हातात असतात, चौथ्या मिनिटाला ते तारा काढायला लागतं. त्यात आपण कापड सरळ करतोय, बुडबुडे काढतोय, दांडा फिरवतोय, शक्यच नाही. आणि अशी झटपट सेट होणारी इपॉक्सी पाण्यात आणि उन्हाच्या उष्णतेत लॅमिनेटिंग इपॉक्सीइतकी टिकत नाहीत, जे आपल्या कामासाठी अगदी उलटं आहे.

दुसरी अडचण कापडाची आणि ती जास्त मूलभूत आहे. दांडा वाकतो तेव्हा ताण येतो लांबीच्या दिशेने, एका बाजूला खेच आणि दुसऱ्या बाजूला दाब. साध्या कापडात अर्धे धागे उभे आणि अर्धे आडवे. ते दांड्याभोवती सरळ गुंडाळलं की अर्धे धागे दांड्याला नुसता वेढा घालून बसले, वाकण्याच्या ताणात त्यांचा काही हात नाही. कापड तिरकं गुंडाळलं तर पिळाला चांगलं, पण लांबीच्या दिशेचा ताठपणा एकाच दिशेच्या धाग्यांच्या मानाने कैक पट कमी. म्हणजे तीन थर गुंडाळून जाडजूड गाठ झाली, दिसायला भक्कम, आणि त्यातलं खरं काम करणारं सामान जेमतेम. माझ्या चाचणीच्या तुकड्यावर किटचा जोड तुटला नाही, सुटला. कापडाची नळी अख्खीच्या अख्खी सरकून बाहेर आली, आतला जुना पृष्ठभाग तसाच गुळगुळीत. घासण्यासाठी दिलेला कागद त्या जुन्या क्लिअर कोटवरच संपला होता.

किट पूर्ण वाया आहे असं नाही. ब्लेडच्या, म्हणजे पॅडलच्या पात्याच्या, कडेला खडकावर लागून जे टवके उडतात, ते भरायला ते सिरिंजचं इपॉक्सी ठीक आहे, ब्लेडची कड ताण घेत नाही, तिथे फक्त पाणी आत शिरू नये एवढंच बघायचं असतं. त्या कामाला पाचपैकी तीन देईन. दांडा जोडायच्या कामाला एकसुद्धा नाही.

सुट्या सामानात सर्वात आधी रेझिन. मी वापरलं ते वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन आणि २०६ स्लो हार्डनर, म्हणजे रेझिनमध्ये मिसळून ते सेट करणारा दुसरा भाग. हे बनवणारे अमेरिकेतल्या मिशिगनचे गूजन बंधू, मुळात बर्फावर चालणाऱ्या शिडाच्या होड्या बांधायचे, त्यातून हे इपॉक्सी आलं, त्यामुळे याचं सगळं गणित होडी बांधणाऱ्याच्या सोयीने केलेलं आहे हे वापरताना जाणवतं. पातळ आहे, कार्बनमध्ये छान मुरतं. प्रमाण आकारमानाने पाचास एक. त्यांचे पंप घेतले तर एक दाब रेझिनचा, एक दाब हार्डनरचा, पंपातच प्रमाण बसवलेलं असतं, फक्त पहिले दोन-तीन दाब हवा निघेपर्यंत बाजूला काढायचे. मी दांड्याच्या कामाला पंपापेक्षा वजनकाटा वापरते, कारण इथे लागतंच थोडंसं आणि पंपाचा एक दाब त्या मानाने बराच होतो. काट्यावर मोजणार असाल तर वजनाचं प्रमाण बाटलीच्या माहितीपत्रकात बघून घ्या, आकारमानाचं प्रमाण तसंच्या तसं वजनाला लावू नका.

इथे एक गैरसमज फार पसरलाय की हार्डनर जास्त घातला की लवकर सेट होतं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये असं थोडंफार चालतं म्हणून ती सवय लागते. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनशी जोडला जाणारा अर्धा भागीदार आहे, जास्त झालेला तसाच उरतो आणि जोड कायमचा मऊ राहतो. लवकर हवं असेल तर दुसरा हार्डनर घ्या. २०५ फास्ट आहे, खोलीचं तापमान बावीस अंशांच्या आसपास असेल तर मिसळलेलं इपॉक्सी कपमध्ये साधारण ९ ते १२ मिनिटं वापरता येतं, २०६ असेल तर २० ते २५. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने २०६च घ्यावा, ती दहा मिनिटं सोन्याची असतात. आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेळ जवळपास निम्मा होतो हे लक्षात ठेवा, दुपारी करण्यापेक्षा गारव्याच्या वेळी करा.

मिसळलेलं इपॉक्सी खोल कपात ठेवू नका. सेट होताना ते स्वतः उष्णता सोडतं, खोल कपात ती बाहेर पडत नाही, त्याने अजून वेग वाढतो, आणि बघता बघता कप वितळतो, धूर येतो. मिसळून झालं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, वेळही जास्त मिळतो.

जी/फ्लेक्स नावाचं त्यांचंच एक लवचिक इपॉक्सी आहे, एकास एक प्रमाणाचं. ते प्लॅस्टिकच्या, लाकडाच्या, धक्के खाणाऱ्या जोडाला मस्त, ब्लेडच्या कडेला तर मी आता तेच लावते. पण कार्बनचे थर भिजवायला नको, ते घट्टही आहे आणि लवचिकही, आणि कार्बनला आपल्याला ताठ पकडणारं रेझिन हवंय.

आता माझ्या आवडीचा भाग, स्लीव्ह. विणलेली कार्बन स्लीव्ह म्हणजे लांबच लांब मोजा म्हणा, दोन्ही टोकं उघडी. तिची गंमत अशी की दाबली की फुगते आणि खेचली की आवळते. फुगवून दांड्यावर चढवायची, जागेवर आणली की दोन्ही टोकांनी हळूहळू ओढायची, ती स्वतःच अंगाला घट्ट बसते, कुठे सुरकुती नाही, कुठे शिवण नाही. आणि ओढताना धाग्यांचा कोन बदलतो, पंचेचाळीस अंशांवरून अजून लांबीकडे झुकतो, म्हणजे ताठपणाही वाढतो. कापड गुंडाळताना जी सगळी झटापट होते ती इथे नाहीच. घेताना दांड्याच्या व्यासापेक्षा किंचित मोठ्या मापाची घ्या, आणि लांबी हवी त्यापेक्षा बरीच जास्त, कारण ओढल्यावर ती लांब होते आणि टोकं सुटतात, ती शेवटी कापूनच टाकायची असतात. कापायच्या आधी तिथे कागदी टेप लावा आणि टेपवरून कापा, नाहीतर धागे कात्री लागल्या लागल्या उसवतात.

स्लीव्हच्या खाली एकाच दिशेच्या धाग्यांच्या पट्ट्या, लांबीला समांतर. वाकण्याचा ताण त्या घेतात, स्लीव्ह पिळ घेते आणि पट्ट्यांना बाहेर फुगू न देता धरून ठेवते. दोन्ही लागतात. फक्त स्लीव्ह लावलेला जोड हातात घेतला की थोडा मऊ लागतो, ते पॅडल मारताना लगेच कळतं.

पण यातलं काहीही लावायच्या आधी घासणं आहे, आणि खरं तर सगळ्या कामातला अर्ध्याहून जास्त वेळ इथेच जायला हवा. नवीन इपॉक्सी जुन्या सेट झालेल्या कार्बनशी रासायनिक जोड करत नाही, ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला धरून बसतं, म्हणून जितका उतार लांब तितकी पकड जास्त. होड्यांच्या कामात जाडीच्या बारापट उतार धरतात. म्हणजे दांड्याची भिंत दीड मिलिमीटर असेल तर तुटलेल्या टोकापासून दोन्हीकडे अठरा मिलिमीटरपर्यंत हळूहळू पातळ करत आणायचं, टोकाशी जवळजवळ धार. ऐंशी नंबरच्या कागदाने, पाणी लावून. थर दिसायला लागतात एकामागून एक, झाडाच्या खोडात कडी दिसतात तसे, आणि त्या कड्या सगळीकडे सारख्या रुंदीच्या असतील तर उतार बरोबर आहे. त्याच्या पुढेही स्लीव्ह जिथपर्यंत येणार तिथपर्यंत रंग आणि क्लिअर कोट पूर्ण काढायचा, रंगावर चिकटवलेला जोड रंगाच्याच ताकदीचा असतो. मग एसीटोनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, आणि पुसलेल्या भागाला परत उघडा हात लावायचा नाही.

धुळीबद्दल हातचं न राखता सांगते. कार्बनची धूळ अंगाला खाजते हा सगळ्यात छोटा त्रास आहे. ती फुप्फुसात नको, चांगला घट्ट बसणारा मास्क हवा, एन९५ किंवा त्याहून वरचा, कापडी मास्क नाही. ओलं घासलं की धूळ उडतच नाही, म्हणून मी कोरडं घासतच नाही. आणि कार्बन वीज वाहून नेतो, त्याची धूळ ड्रिलच्या मोटरमध्ये, लॅपटॉपमध्ये, स्विचबोर्डमध्ये गेली तर शॉर्ट होऊ शकतं, हे घरात काम करणाऱ्या फार कमी लोकांच्या डोक्यात असतं. तुटलेल्या टोकाच्या कुसळांचंही तसंच, बोटात गेली की बारीक तुकडे होऊन आत राहतात, त्यामुळे तुटलेला दांडा हातात घेतल्या घेतल्या आधी टोकांना टेप गुंडाळा. इपॉक्सीला नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, किटमधले पातळ प्लॅस्टिकचे नाही. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू साठत येते आणि एकदा आली की आयुष्यभर राहू शकते. हातावर लागलं तर एसीटोनने पुसू नका, ते कातडीतून आत जायला मदतच करतं, साबण आणि पाणी.

दांडा पूर्ण दोन तुकड्यांत तुटला असेल तर आत एक छोटी नळी लागते, कार्बनची किंवा फायबरग्लासची, दोन्ही बाजूंना दांड्याच्या व्यासाच्या तिप्पट तरी आत जाईल एवढी. अगदी ठोकून बसणारी नको, इपॉक्सीला जागा हवी. ॲल्युमिनियमचा तुकडा आत घालायचा मोह होतो कारण तो सहज मिळतो, पण कार्बन आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम गंजत जातं, पांढरी भुकटी होते, फुगतं, आणि आतून जोड फोडतं. मास्टच्या बुडात ॲल्युमिनियमचं एक्स्टेन्शन (लांबी वाढवायचा तुकडा) अडकून बसतं त्यातही बऱ्याचदा हेच कारण असतं. आतल्या नळीची टोकं सरळ कापलेली ठेवू नका, निमुळती करा. एकदम ताठ भाग संपून एकदम मऊ भाग सुरू झाला की पुढच्या वेळी दांडा बरोबर त्या सीमेवर तुटतो. वरच्या पट्ट्यांचंही तेच, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा थोडी लांब किंवा थोडी आखूड, सगळ्या एकाच रेषेत संपल्या नाही पाहिजेत.

सरळपणासाठी एल आकाराची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, तिला आतून पॅकिंगची प्लॅस्टिक टेप लावा, दांडा त्यात ठेवला की आपोआप सरळ बसतो, आणि आतली नळी सेट होईपर्यंत तिथेच. तुटायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जुळणारी एक रेघ आधीच मारून ठेवा, नाहीतर ब्लेड हँडलच्या मानाने फिरलेलं लागतं आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

आता श्रिंक टेप, जिच्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहायला घेतला. कारखान्यात हेच पॅडल दाबाखाली आणि उष्णतेत बनतं, आपल्याकडे घरी तो दाब नसतो, आणि दाब नाही म्हणजे थरांमध्ये हवा आणि जास्तीचं रेझिन. गोल दांड्यावर वजनही ठेवता येत नाही, क्लॅम्पही लागत नाही. श्रिंक टेप ओल्या स्लीव्हवर निम्मी निम्मी चढवत गुंडाळायची आणि हीट गनने मधून सुरुवात करून टोकांकडे हळूहळू गरम करायची, ती आकसते आणि चारही बाजूंनी सारखा दाब देते, जास्तीचं रेझिन टेपच्या कडांमधून थेंबाथेंबाने बाहेर येताना दिसतं. सेट झाल्यावर सोलून काढली की खाली घट्ट, हवा नसलेला थर. आधी टेप न लावता केलेला जोड आणि टेप लावून केलेला जोड शेजारी ठेवून कापून बघा, टेप नसलेल्यात भोकं भोकं दिसतात. हीट गन लांबून आणि फिरती ठेवा, एका जागी धरली तर रेझिन उकळून फेस येतो.

श्रिंक टेप मिळालीच नाही तर साधी इलेक्ट्रिकची पीव्हीसी टेप उलटी, चिकट बाजू बाहेर करून, ताणून गुंडाळा आणि सुईने बारीक भोकं पाडा रेझिन बाहेर यायला. त्याच्या खाली पील प्लायचा एक वेढा मात्र हवाच. हा उपाय खरोखर चालतो, श्रिंक टेपच्या ऐंशी टक्के तरी काम होतं असं माझं मत.

पील प्लाय म्हणजे बारीक विणीचं नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं कापड, इपॉक्सी त्याला धरून बसत नाही. कार्बनच्या सगळ्या थरांच्या वर लावायचं, सेट झाल्यावर फर्रकन ओढून काढायचं. खाली राहतो एकसारखा खरखरीत पृष्ठभाग, पुढच्या थराला किंवा रंगाला जवळजवळ तयार. आणि सेट होताना इपॉक्सीवर जो मेणचट थर येतो, दमट हवेत जास्त, तो बऱ्याच अंशी कापडाबरोबर निघून जातो. पील प्लाय नसेल तर तो थर आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवून काढावा लागतो, मगच पॉलिश पेपर, नाहीतर घासताना तो मेणचटपणा आत रगडला जातो आणि वरचा वार्निश पापडीसारखा सुटतो. घेताना कोटिंग नसलेला पील प्लाय घ्या, सिलिकॉनचा थर दिलेलाही येतो, तो निघतो सहज पण मागे अंश राहू शकतो आणि मग त्यावर काही चिकटत नाही.

बोर्डाबद्दल थोडक्यात, कारण तिथे काम सोपं आहे पण धीर जास्त लागतो. कार्बनचं कवच फुटून आत पाणी गेलं असेल तर आधी वाळवणं, आणि ते कधी झालं हे डोळ्यांनी नाही, काट्यावर कळतं. बोर्ड दर काही दिवसांनी वजन करा, वजन उतरायचं थांबलं की वाळला. त्यावर सपाट भागाला ते चमकदार कापड मात्र चांगलं चालतं, इथे त्याची जागा बरोबर आहे. वरून पील प्लाय, प्लॅस्टिकचा कागद, आणि वाळूची पिशवी दाबासाठी. आतला फोम पांढऱ्या दाण्यांचा असेल तर पॉलिएस्टर रेझिन चुकूनही नको, त्यातलं स्टायरीन फोम खाऊन टाकतं, बघता बघता खड्डा पडतो. इपॉक्सी त्याला काही करत नाही. आणि तिथे हीट गनही नको, तो फोम उष्णतेने बसतो.

सेट झाल्यावर घाई करू नका. २०६ दुसऱ्या दिवशी कडक लागतं पण पूर्ण ताकद यायला एक ते चार दिवस लागतात. आणि खोलीच्या तापमानाला सेट झालेलं इपॉक्सी साधारण पन्नास ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, काळा कार्बन कडक उन्हात किंवा बंद गाडीत तिथपर्यंत सहज जातो. म्हणून दुरुस्त केलेला भाग मी पांढऱ्या रंगाने रंगवते, कार्बनची वीण दिसावी हा हट्ट सोडते. ज्यांना वीण दिसायलाच हवी त्यांनी निदान यूव्ही रोखणारा दोन भागांचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट मारावा, नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि मग खडूसारखं सुटायला लागतं.

आता वापराचा अनुभव. सुट्या सामानाने जोडलेलं पॅडल मी लाटांत आणि लांबच्या पल्ल्याला दोन्हीकडे वापरतेय, जोडाची जागा हातांच्या मधे आहे त्यामुळे पकडीला त्रास नाही. थोडं वजन वाढलंय ते हातात घेतल्यावर कळतं, पाण्यात नाही. जोड खालच्या हाताच्या पकडीत येत असेल तर तिथे जाडी जाणवेल, तेव्हा थर कमी आणि उतार जास्त लांब करा.

मास्टला मी एवढे गुण देणार नाही. मास्ट जोडला जातो, तुटत नाही, पण त्याचा वाकण्याचा बाक बदलतो, जोडापाशी ताठ आणि दोन्हीकडे पूर्वीसारखा, आणि शीड त्या बाकाप्रमाणेच कापलेलं असतं. शिडाला नको तिथे सुरकुती येते. बूमच्या जवळ तुटलेला बारीक व्यासाचा मास्ट मी जोडून स्पेअर म्हणून ठेवला आहे, हलक्या वाऱ्याला. वाऱ्याच्या जोराच्या दिवशी किनाऱ्यापासून लांब जाताना तो घेत नाही. आणि फॉइलचा मास्ट (बोर्डाखाली पाण्यातले पंख धरणारा उभा खांब) घरी जोडायचा विचारही करू नये असं मला अगदी ठामपणे वाटतं. एका पातळ पात्यावर पूर्ण माणसाचं वजन आणि सगळा पिळ येतो, तुटला तर खाली धारदार पंख असतात आणि वर आपण वेगात असतो. तो बदलायचाच.

गुण द्यायचे तर: १०५ आणि २०६ ला पाचपैकी साडेचार, अर्धा कमी कारण थंडीत २०६ फारच रेंगाळतं. स्लीव्हला पाच. एका दिशेच्या पट्टीला चार, ओली झाली की धागे इकडेतिकडे सरकतात. श्रिंक टेपला पाच, पील प्लायला पाच. तयार किटला दोन, तेही ब्लेडच्या कडेमुळे.

उरलेल्या सामानाचं काय, हे बरेच जण विचारतात कारण रेझिनचा सगळ्यात लहान डबासुद्धा एका पॅडलला खूप जास्त होतो. झाकण घट्ट लावून घरातल्या तापमानाला ठेवा, वर्षानुवर्षं टिकतं. थंडीत रेझिन साखरेसारखं घट्ट दाणेदार झालं तर फेकू नका, डबा गरम पाण्यात ठेवून पन्नास अंशांच्या आसपास आणा आणि दाणे जाईपर्यंत ढवळा, पूर्ववत होतं. हार्डनर कालांतराने लालसर होतो, त्यानेही काही बिघडत नाही. जुनं सामान वापरण्याआधी मात्र प्रमाणात थोडंसं मिसळून बाजूला ठेवा आणि नखाने दाबून बघा, दुसऱ्या दिवशी नख रुतलं नाही तरच दांड्याला हात लावा. स्लीव्ह आणि पट्टी गुंडाळीवरच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुमडून नाही, घडी पडली की तिथले धागे तुटतात.